गावाचं धोतर

पंढरी आंब्यावरून पडला, तेव्हा आवडाबाईने आधी त्याचं धोतर पाहिलं आणि मग गुडघा. गुडघ्यातून रक्त येत होतं, धोतर मात्र कडेला बोटभरच फाटलं होतं. "बरं झालं," ती म्हणाली. ही हकीकत पंढरीने पुढे जन्मभर ज्याला त्याला सांगितली आणि आवडाबाईनेही ती कधी नाकारली नाही. तिचं म्हणणं एवढंच, की गुडघा आपला आपण भरून येतो, धोतराला कुणीतरी बसून शिवावं लागतं.

तिचं माहेर ठाण्याच्या खाडीकाठचं, मिठागरातलं. मिठागरात राबणाऱ्यांच्या अंगावरचं कापड खारं पाणी खाऊन टाकतं. आज धड दिसणारं लुगडं बघता बघता जाळीसारखं होतं. तिची आई रोज संध्याकाळी लांबच्या विहिरीवरून गोडं पाणी आणायची, त्यातून आधी लुगडी काढायची आणि उरलेलं प्यायला ठेवायची. अशा घरातली पोर करंजपाड्याला सून म्हणून आली. कल्याण आणि टिटवाळ्याच्या मधला, रुळांना लागून असलेला हा भातशेतीवाल्यांचा लहानसा पाडा. इथे गोडं पाणी मुबलक होतं, आणि नवरा असा मिळाला होता की शेताच्या कुंपणाची काट्याची वई दिसली की वळसा घालण्याऐवजी सरळ तिच्यातून जायचा. दोन मुलगे झाले, तेही बापावर गेले. आवडाबाईची सुई कधी मोकळी राहिली नाही.

आगगाडी कल्याणच्या पुढे कसाऱ्यापर्यंत जाऊ लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. घाटावरून बैलगाड्यांनी उतरलेला खानदेशी कापूस कसाऱ्याला गाडीत चढायचा आणि करंजपाड्याच्या शेतांशेजारून मुंबईला जायचा. आधी अधूनमधून दिसणाऱ्या या गाड्या मग एकामागून एक जाऊ लागल्या. डबे इतके ठासून भरलेले, की फटींतून कापसाचे पुंजके लोंबायचे. आणि नवल असं, की जितका कापूस डोळ्यांदेखत जायचा, तितकं कल्याणच्या बाजारातलं कापड महाग व्हायचं. दुकानदारांनी धोतरजोडे समोरून उचलून वरच्या फळीवर ठेवले. मग तेही दिसेनासे झाले.

या सगळ्याचा उलगडा फाटकावरच्या दगडूने केला. गाड्यांबरोबर येणारी माणसं त्याला बातम्या द्यायची आणि तो त्यांत पदरचं थोडं घालून पाड्याला द्यायचा.

"समुद्रापलीकडं एक मुलूख हाय," तो म्हणाला. "तिथं भावाभावांत लढाई लागलीय. सायबाच्या गिरण्यांना कापूस तिथूनच जायचा. तो बंद झाला, म्हनून गिरण्या आता आपला कापूस खातात."

"लढाई कशापायी?" आवडाबाईने विचारलं.

"मानसं इकत घ्यावी का नाय, यावरून."

आवडाबाईने जरा विचार केला. "घेऊ नयेत, ते बराबर हाय," ती म्हणाली. "पन आमच्या घरच्या धोतरानं त्यांचं काय केलं?"

 रेल्वेने दिलेल्या दगडूच्या कोटाची कोपरं गेली होती आणि आवडाबाईची नजर नेमकी तिथेच होती. तिने कोट काढून मागितला. तेवढ्यात कसाऱ्याची गाडी आली, तेव्हा दगडूने उघड्या अंगानेच निशाण दाखवलं. ड्रायव्हर साहेब वाकून बघत गेला.

लढाई लांबत चालली तसे आवडाबाईचे नियम वाढत गेले. धोतर दगडावर आपटायचं नाही, रिठ्याच्या पाण्यात बुडवून हाताने दाबायचं. उन्हात वाळवायचं नाही, सावलीत वाळवायचं. भिंतीला टेकून बसायचं नाही. मांडीवर कोयता ठेवायचा नाही. शेतात सगळे लंगोटीवरच असत, तो प्रश्न नव्हता. पण कल्याणला जाताना पंढरीने धोतराची घडी डोक्यावर ठेवून चालायचं आणि कल्याणच्या वेशीशी वडाच्या आडोशाला ते नेसायचं, असं तिने ठरवून दिलं. परत येताना त्याच वडामागे फेडायचं. कल्याणच्या लोकांना धोतरातला पंढरी माहीत होता आणि करंजपाड्याला लंगोटीतला. मधल्या वाटेवरच्या लोकांना दोन्ही.

"वडाखाली देव हाय का कोन हाय?" एका वाटसरूने त्याला एकदा विचारलं. "तुमी रोज तिथं जाऊन सोवळं नेसता."

पंढरीने होय म्हणून सांगितलं. बायकोचं नाव सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

पाड्यातले लोक आवडाबाईला हसायचे, पण हसून झालं की आपापलं फाटकं घेऊन तिच्याच पडवीत यायचे. धोतर झिजतं ते बसायच्या जागी. दोन्ही टोकांचं कापड बरंच धड असतं. तो झिजका तुकडा कापून काढायचा आणि धड भाग एकमेकांना जोडायचे, याला दांड घालणं म्हणतात. दांड सगळ्याच बायका घालत, पण आवडाबाईने घातलेला दांड बोटाला लागत नसे. ती दोरा बाहेरचा घेत नसे. त्याच कापडाच्या टोकातून धागा ओढायची, म्हणजे धुतल्यावर कापड आणि शिवण दोन्ही सारखीच आटतात. हे ती प्रत्येकाला सांगायची. ऐकणाऱ्याला कंटाळा आला तर पुन्हा सांगायची.

याच दिवसांत जुना कापूस विकत घेणारे दारोदार फिरू लागले. काळुरामची बायको ठमाबाई हिच्याकडे पाड्यातली एकुलती एक गादी होती. भावाने कल्याणहून आणलेली ती गादी येणाऱ्या-जाणाऱ्याला उघडून दाखवल्याशिवाय ठमाबाईला चैन पडत नसे. तिने कापूस काढून विकला आणि खोळीत भाताचा पेंढा भरला. गादी दिसायला आधीपेक्षा उंच झाली. फक्त रात्री काळुराम कूस बदलायचा तेव्हा शेजारच्या गोठ्यातला बैल जागा होऊन चाऱ्याची वाट बघत उभा राहायचा.

होता होता अशी पाळी आली, की दांडाशेजारी दांड घालायलाही धड कापड उरलं नाही. काळुरामचं धोतर धुताना ठमाबाईच्या हातात काठ तेवढा राहिला. पुरुषमाणसं कल्याणला जायला टाळाटाळ करू लागली. कुणाची पाठ दुखायची, कुणाचा बैल आजारी पडायचा. आवडाबाईने सगळ्यांना पडवीत बोलावलं.

"खरं काय ते मना ठावं हाय," ती म्हणाली. "आपापली धोतरं आना हितं. असतील तशी आना."

पंढरीचं, काळुरामचं, ठमाबाईचा भाऊ गोविंदा याचं आणि आणखी एका घरचं, अशी धोतरं तिच्यासमोर आली. तिने प्रत्येक धोतर उजेडाकडे धरून पाहिलं आणि प्रत्येक मालकाकडेही एकदा पाहिलं. मग कात्री घेतली. पुढचे काही दिवस तिने कुणाशी फारसं बोलणं ठेवलं नाही. त्या सगळ्यांतून एक धोतर निघालं. पूर्ण लांबीचं, पांढरं, बघणाऱ्याला वाटावं आत्ताच घडी मोडली. लबाडी करता आली नाही ती काठांत. एका अंगाला लाल काठ होता, दुसऱ्या अंगाला हिरवा, आणि एका टोकाशी गोविंदाच्या धोतराचा काळा काठ वीतभर डोकावत होता.

हे धोतर झालं गावाचं. ते आवडाबाईच्या घरी मडक्यात, कडुनिंबाच्या पाल्यात राहायचं. ज्याला कल्याणला काम असेल त्याने सकाळी न्यायचं आणि दिवस मावळायच्या आत आणून द्यायचं. धुवायचं तिनेच. ताडी पिऊन आलेल्याला पुढची पाळी मिळणार नाही. परत आलेल्या माणसाला आधी तिच्यापुढे उभं राहून एक गिरकी घ्यावी लागायची. डाग नाही असं दिसलं, की मग ती पाणी विचारायची.

कल्याणच्या बाजारातला कापडवाला हरिहरशेट हे धोतर पुरता ओळखून होता. काठ दिसला, की तो मान वर न करता म्हणायचा, "या, करंजपाडा. आज आत कोण आहे?"

असं सगळं सुरळीत चाललं असताना काळुरामच्या मुलीसाठी, जयासाठी, विठ्ठलवाडीकडचं स्थळ आलं. मुलाचा बाप महिपत हा मोठ्या थाटाचा माणूस म्हणून ठाऊक होता. काळुराम गावाचं धोतर नेसून तिकडे जाऊन आला, बोलणं बरं झालं. आता महिपत मुलगी बघायला येणार आणि मनाजोगतं झालं तर त्याच बैठकीत सुपारी फुटणार. सुपारीला बाप लागतो, मामा लागतो आणि पाड्यातला एक जाणता लागतो. म्हणजे काळुराम, गोविंदा आणि पंढरी.

"आनि धोतर एक," ठमाबाई म्हणाली.

"एकाएकानं बाहेर जायचं," आवडाबाई म्हणाली. "मी मागच्या दाराशी हाय."

माघातल्या एका सकाळी महिपत आला. बरोबर त्याचा भाऊ होता. महिपतच्या डोक्यावर एवढं मोठं पागोटं होतं, की दारातून आत येताना त्याने ते दोन्ही हातांनी धरलं आणि मग वाकला. काळुरामने गावाचं धोतर नेसून त्यांचं स्वागत केलं, त्यांना घोंगडीवर बसवलं, पीकपाण्याची चौकशी केली आणि भाकऱ्यांचं बघतो म्हणून आत गेला. आत आवडाबाई तयार होती. काळुरामने निऱ्या सोडल्या, गोविंदाने धरल्या, आणि काळुराम लंगोटीवर भाताच्या कणगीआड जाऊन बसला. गोविंदा बाहेर आला.

"मुलीचे बाबा कुठं गेले?" महिपतने विचारलं.

"हितंच हाय," कणगीआडून काळुराम म्हणाला.

थोड्या वेळाने गोविंदा पाणी आणायला म्हणून उठला आणि पंढरीची पाळी आली. इथे आवडाबाईचा हिशोब चुकला. पंढरी अंगाने दांडगा. त्याला एक फेरा घालण्यात एवढं कापड गेलं, की मागे खोचायला काष्टा पुरेना. तिने तो कसाबसा ओढून खोचला आणि त्याला बजावलं, "श्वास जपून घ्या."

पंढरी बाहेर येऊन ताठ बसला आणि फारसं काही बोलला नाही. महिपतने त्याच्याकडे पाहिलं. धोतराच्या लाल काठाकडे पाहिलं, हिरव्या काठाकडे पाहिलं.

"तुमच्या घरात," तो म्हणाला, "एक आत गेल्याशिवाय दुसरा बाहेर येत नाय का?"

पंढरीने श्वास जपण्याचं निमित्त करून उत्तर टाळलं.

जया पोहे घेऊन आली. पोरगी चटपटीत होती, विचारलेल्याला उत्तर देणारी होती. महिपतला ती आवडल्याचं दिसत होतं. "मग फोडूया सुपारी," तो म्हणाला. "बोलवा सगळ्यांना."

आता मात्र सगळे एकदम बाहेर लागणार होते. आवडाबाईने काळुराम आणि गोविंदा यांना मानेपासून पायापर्यंत घोंगड्यांत गुंडाळलं आणि बाहेर ढकललं. चांगलं ऊन चढलं होतं. दोघं घोंगड्यांत घाम गाळत येऊन बसले.

"काय झालं?" महिपतच्या भावाने विचारलं.

"जरा कणकण हाय," काळुराम म्हणाला.

"मना पन," गोविंदा म्हणाला.

महिपतचा पुढे झालेला हात मागे गेला. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. तापाच्या साथीने घरंच्या घरं आडवी झाल्याचं सगळ्यांनी पाहिलेलं होतं. आत्ता चालताबोलता असलेला बाप आणि मामा एका घटकेत असे गारठले, तर त्या घरातली मुलगी आपल्या घरात न्यायची की नाही, हा विचार कुणाच्याही मनात आला असता.

"सुपारीचं मग बघू," महिपत म्हणाला. "पुढच्या महिन्यात."

आवडाबाई दाराआडून ऐकत होती. पुरुषांच्या बैठकीत बाईने बोलायची रीत नव्हती, आणि जे बोलायचं ते पाड्याची अब्रू उघडी करणारं होतं. ठमाबाई पदराने डोळे पुसू लागली होती. आत जया भिंतीकडे तोंड करून उभी होती. जिच्या बाळपणीच्या झबल्यांना आपण दांड घातले, तिचं लग्न आपल्याच युक्तीपायी मोडतंय, हे आवडाबाईला सोसवेना. ती दारात आली.

"पाव्हनं, ताप नाय कोनाला," ती म्हणाली. "धोतर एकच हाय. मगाशी भावजींनी नेसलं, मग मामानं, आता आमच्या मानसाच्या अंगावर हाय. घोंगडीखाली लंगोट्या हायेत. ही अक्कल माझी. पोरीला यात धरू नका."

 गोविंदाने घोंगडी जास्तच घट्ट केली. पंढरीने मात्र इतक्या वेळचा कोंडलेला श्वास सोडला आणि मागचा काष्टा सुटला.

महिपत उठला. तो निघाला असं सगळ्यांना वाटलं. तो पंढरीजवळ गेला, खाली बसला आणि धोतराचा सोगा हातात घेऊन त्यावरून अंगठा फिरवू लागला. एकदा फिरवला, परत फिरवला.

"जोड कुठं हाय?" त्याने विचारलं.

आवडाबाईने दाखवला. त्याने तिथे अंगठा दाबून पाहिला आणि मान हलवली.  त्याचा भाऊ खाकरला, त्याच्याकडे त्याने लक्ष दिलं नाही. शेवटी त्याने दोन्ही हातांनी डोक्यावरचं पागोटं उचललं आणि आवडाबाईच्या पुढ्यात उलटं ठेवलं. आत पेंढा होता. वरचे वेढे तेवढे कापडाचे, तेही जागोजागी विरलेले.

"याचं काय करता येईल, ते बघा," तो म्हणाला.

हे आवडाबाईला अगदीच नवं नव्हतं. मघापासून पागोट्याच्या मागच्या अंगाने एक काडी बाहेर आलेली तिला दिसत होती. पण पाहुण्याचं आपण कसं बोलायचं, म्हणून ती गप्प होती. आता तिने पागोटं हातात घेतलं, फिरवून पाहिलं, आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: "हे दगडावर कोन आपटतं तुमच्याकडं?"

महिपतचा भाऊ हसला. मग काळुराम हसला आणि त्याची घोंगडी घसरली. सुपारी फुटली ती अशी. मुलीचा बाप लंगोटीवर होता, मुलाचा बाप बोडका होता, आणि धोतरात एकटा पंढरी होता, तोही एका हाताने काष्टा धरून.

लग्न वैशाखात झालं. कापडाचा आहेर कुणीच कुणाला करायचा नाही, तांदूळ आणि नारळ द्यायचे, असं दोन्ही व्याह्यांनी ठरवलं. काही नातेवाईक कुरकुरले. आवडाबाईने त्यांच्या अंगावरचे कपडे जरा निरखून पाहिले, तसे ते थांबले. जयाचं लुगडं म्हणजे ठमाबाईचं जुनं लुगडं, दांड घालून हळदीत रंगवलेलं. रंग सुंदर उतरला, पण उन्हात उडेल म्हणून आवडाबाई नवरीला सावलीतून हलू देईना. घामाचा तिने विचार केला नव्हता. सप्तपदी होईपर्यंत नवरदेवाचं उपरणं पिवळं झालं, आणि नवरा-नवरीच्या गाठीला हात लावणाऱ्या मामाचे हातही. महिपतच्या डोक्यावरचं पागोटं आधीपेक्षा लहान होतं, पण आतून-बाहेरून कापडाचं होतं. तो दारातून बेधडक आत आला.

लग्नाची हळद उतरते न उतरते तोच दगडूने बातमी आणली, की समुद्रापलीकडची लढाई मिटली. मुंबईत कापसावर श्रीमंत झालेले शेट रडत बसलेत, असंही त्याने सांगितलं. पुढच्या काही महिन्यांत हरिहरशेटच्या दुकानात धोतरजोडे वरच्या फळीवरून खाली आले. ठमाबाईला वाटलं, थोडं थांबलो असतो तर पोरीला नवं लुगडं मिळालं असतं. जयाला तसं काही वाटलं नाही. पिवळ्या उपरण्यावरून नवऱ्याला चिडवण्यात तिचे दिवस मजेत चालले होते.

काळुरामने धोतर घेतलं, गोविंदाने घेतलं. पंढरीनेही एक घेतलं. आवडाबाईने ते बघितलं, छान आहे म्हणाली आणि ठेवून दिलं. तो जुनंच नेसत राहिला. मडक्यातलं गावाचं धोतर मागायला मात्र कुणी येईना. एरवी सकाळी पडवीत कुणीतरी उभं असायचं, संध्याकाळी कुणीतरी गिरकी घेऊन दाखवायचं, बाजारातली खबर सांगायचं. आता पडवी रिकामी. एवढा मोठा ताण गेला, तरी आवडाबाईला काही दिवस चुकल्यासारखं झालं. तिने पंढरीला तसं सांगितलं नाही, पण त्याने ओळखलं. तो आपणहून वईतून चालत गेला आणि धोतर फाडून आला.

"बघा तरी कुठून चालता ते," ती म्हणाली, आणि सुई शोधू लागली.

दिवाळीला जया माहेरपणाला आली, ती काखेत एक गाठोडं घेऊनच. "मामंजींनी दिलंय," ती म्हणाली. "नवीन घेतलंय त्यांनी, पन जुनं तुमच्याकडंच द्यायचं म्हनाले, काकी."

आवडाबाईने गाठोडं सोडलं. आत महिपतचं पागोटं होतं, त्याचा एक अंगरखा आणि विहीणबाईंची दोन लुगडी होती. तिने एकेक कापड उजेडाकडे धरून पाहिलं, नाकाशी नेलं, आणि तिची मुद्रा कठोर झाली.

"राखेत धुतलंय," ती म्हणाली. "मी रिठे सांगितले व्हते का नाय? जा, तुझ्या सासूला सांग." मग थांबून म्हणाली, "नको, मीच येते तिकडं. तुमच्याकडं पानी कसलं हाय, तेबी बघायला पायजे."

पंढरीला सांगून ती दुसऱ्या दिवशीच, वाट दाखवायला जयाला बरोबर घेऊन, विठ्ठलवाडीला निघाली. धोतराच्या घडीसारखी लुगड्याची घडी डोक्यावर ठेवणं तिला बाईमाणूस म्हणून शक्य नव्हतं, त्यामुळे ती सबंध वाट काटे चुकवत, पदर सावरत, इतकी हळू चालली, की बरोबरची जया दोनदा बसून उठली.